पालकांना घेऊन यावे

माझ्या बोलण्याबद्दल आमच्या घरात दोन मतं नाहीत. माझा नवरा धनेश विरारला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दिवसभर बिघडलेल्या पंपांची घरघर ऐकून संध्याकाळी घरी येतो आणि दाराशी चपला काढताना म्हणतो, "दुकानात जरा शांत होतं."

माझं माहेर वसईजवळच्या गिरीजचं. केळीची आणि भाजीची वाडी. लहानपणी मी आईबरोबर वसईच्या बाजारात पडवळ आणि अळू घेऊन बसायचे. गिऱ्हाईक बोलवायला गळा लागतो, तो मला देवाने दिला, आणि बाजार सुटला तरी परत घेतला नाही. बारावी झाले, लग्न झालं, विरारच्या चंदनसारला चौथ्या मजल्यावर संसार थाटला. मुलगी मनाली शिकली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. घरात ऐकणारं माणूस एकच उरलं. त्यानेच एकदा जेवताना सुचवलं, "रंभा, तू राहिलेलं शिक्षण पूर्ण कर. कॉलेजात वर्गभर माणसं असतात."

त्यात माझी काळजी किती आणि स्वतःची सुटका किती, हे मी विचारलं नाही. विरार पूर्वेच्या एका कॉलेजात बी. ए. ला नाव घातलं. केस पिकायला लागलेली बाई पहिल्या बाकावर बसलेली पाहून नवीन आलेले सर मला पर्यवेक्षक समजले आणि उभे राहिले. मीही त्यांना बसा म्हणाले. मुलं मला काकू म्हणायची, शिक्षक ताई म्हणायचे. कॉलेजात आपण बोलायचं नसतं, ऐकायचं असतं, हे कळायला मला पहिलं वर्ष लागलं. दुसऱ्या वर्षी मी वर्गाची प्रतिनिधी झाले. बिनविरोध. ज्यांना विरोध करायचा होता त्यांना मी बोलू दिलं नाही, असं आमच्या वर्गातला आयुष अजून सांगतो.

त्याच वर्षी कॉलेजात दोन भानगडी झाल्या. कुणीतरी भित्तिपत्रकावर एक कविता लावली. आमच्या संस्थेचे चिटणीस प्रत्येक भाषणात "मी स्वतः" हे शब्द फार वापरतात, त्यावर ती होती. मग त्याच आठवड्यात मोबाइलवरच्या कसल्याशा स्टेटसवरून मुलांचे दोन गट भिडले आणि गेटवर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. कविता आणि मारामारी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण संस्थेने दोन्हींवर एकच औषध काढलं. प्राचार्य उर्सुला मॅडमना एक समिती नेमायला सांगितलं. परिसरात कुणी काय आणि कसं बोलायचं, याचे नियम करणारी समिती.

समितीत मॅडम होत्या, मराठीचे जितेंद्र सर होते, आणि विद्यार्थ्यांतर्फे एक जबाबदार व्यक्ती हवी म्हणून मी होते. हे पद मला किती आवडलं ते सांगायला लाज वाटते. मनालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, दुसऱ्यांनी बोलू नये म्हणून नेमलेल्या समितीत तू? छान." मला ते कौतुकच वाटलं.

नियम झाले. कार्यक्रमातलं प्रत्येक भाषण आधी लिहून द्यायचं आणि मंजूर करून घ्यायचं. मंजूर मजकुराबाहेर एक वाक्य बोलायचं नाही. पाहुण्यांना प्रश्न विचारायचे ते चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या आधी आम्ही वाचणार. कुणाच्या भावना दुखावतील असं काही चालणार नाही. कुणाच्या, ते आम्ही लिहिलं नाही, म्हणजे सगळ्यांच्याच.

मग शिक्षेचा विषय निघाला. जितेंद्र सर म्हणाले, "लेखी माफी पुरे."

मी म्हणाले, "माफी काय, मोबाइलवरून उतरवून देतील. पालकांना घेऊन यावे, असं टाका. मग बघा कशी सरळ होतात."

"ताई, ही पदवीची मुलं आहेत. मतदान करतात."

"म्हणून आईबाप संपले का?"

मॅडम कागद सरांकडे सरकवत म्हणाल्या, "लिहा." शेवटचं कलम माझं. मी ते घरी धनेशला दोनदा वाचून दाखवलं.

पुढच्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धा होती. भाषणं तपासायचं काम जितेंद्र सरांनी माझ्याकडे दिलं, कारण त्यांच्याकडे उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मी लाल पेन घेऊन वाचनालयात बसले. आमच्याच वर्गातल्या आर्याचं भाषण हातात आलं. आर्या नालासोपाऱ्याला राहते. वडील मूळचे कोकणातले, मुंबईत नोकरी करतात. वर्गात ती कमी बोलते, पण वहीच्या समासात आमची चित्रं काढते. माझं काढलेलं मी एकदा पाहिलं होतं, तोंड चेहऱ्यापेक्षा मोठं होतं.

तिने लिहिलं होतं, "माझा जन्म इथला. माझी शाळा इथली. तरी गावातले लोक आम्हाला बिल्डिंगवाले म्हणतात. आम्ही आलो म्हणून पाणी गेलं, आम्ही आलो म्हणून वाड्या गेल्या, असं ऐकत मी मोठी झाले. वाड्या विकल्या कुणी, हे मात्र कुणी सांगत नाही."

मला राग आला. आमच्या गिरीजच्या वाडीचाही एक तुकडा विकला गेला होता, आणि बिल्डिंगवाले हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून एकदा तरी असतो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बोलते, तरी असतो. मी तो पूर्ण परिच्छेद खोडला आणि बाजूला लिहिलं, "स्थानिकांच्या भावना." दुखावलेल्या त्या स्थानिकांत तेव्हा मी एकटीच होते.

आर्याने कागद घेतला, पाहिला, आणि स्पर्धेतून नाव काढून घेतलं. भांडली असती तर मी समजावून सांगितलं असतं. तिने ती संधीही दिली नाही.

मी स्वतः स्पर्धेत होते. विषय घेतला "पाणी: आपली जबाबदारी." माझं भाषण मीच तपासलं आणि मंजूर केलं. एकही खोडाखोड निघाली नाही. भाषा अशी शुद्ध की वाचताना मलाच कुणी परकी बाई बोलतेय असं वाटे. आमच्याकडे गावात पाण्याला पानी म्हणतात. मी कॉलेजात आल्यापासून तो ण जिभेवर बांधून ठेवला होता. आरशासमोर "पाणी, लोणी, कोण, म्हणून" असा सराव केला होता.

स्पर्धेला चिटणीस प्रमुख पाहुणे. त्यांनी दिवाळीच्या सुमारास गेटवर एक कारंजं बसवून घेतलं होतं आणि त्याचं उद्घाटन स्वतः केलं होतं. सभागृह भरलेलं. मी माइकसमोर उभी राहिले, नमस्कार केला, आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "पानी म्हणजे जीवन."

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "पानी, पानी" केलं. हसू पसरलं. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा पानीच आलं. आता पुढच्या रांगेतही माना खाली गेल्या. चिटणीस मिशीतल्या मिशीत हसत होते. कागदावरचं पुढचं वाक्य मला दिसेनासं झालं. बाजारात गिऱ्हाईकाने मापात खोट काढली की आईचा जसा आवाज लागायचा, तसा माझा लागला.

"हसा," मी म्हणाले. "पानी म्हटलं म्हनून हसा. पन ते आहे कुठं ते सांगा. दुसऱ्या मजल्यावर मुलींच्या संडासात नळाला पानी नाय. दिवाळीपासून नाय. या समोर बसल्यात त्या पोरी सकाळपासून घोटभर पानी पीत नायत, का, तर जायचं कुठं. आनि गेटवर कारंजं उडतंय दिवसभर. पावसाळा नाय, पाहुणा नाय, तरी उडतंय. त्याच्यात कोन आंघोळ करतो?"

मुलींच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मी कागद गुंडाळला आणि खाली उतरले. खरं सांगते, क्रांती वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. मला हसले म्हणून मी चिडले होते. संडासातल्या नळाची गोष्ट तोंडात आली ती केवळ विषय पाणी होता म्हणून. विषय झाडं असता तर आणखी काहीतरी आलं असतं.

आयुषने ते चित्रित केलं होतं. संध्याकाळपर्यंत वसईपासून विरारपर्यंत सगळ्या गटांवर ते फिरलं. कुणीतरी वर "विरारची वाघीण" असं लिहिलं. मी ते किती वेळा पाहिलं हे धनेशला माहीत आहे, पण तो सांगणार नाही. प्रत्येक वेळी मला दोन गोष्टी दिसायच्या: माझा आवाज चांगला खणखणीत होता, आणि वाघिणीच्या पदराची पिन सुटून लोंबत होती.

दोन दिवसांनी नोटीस आली. मंजूर मजकुराबाहेर बोलल्याबद्दल समितीपुढे हजर राहावे. मी हजर होतेच, कारण बैठकीचं बोलावणं मला सदस्य म्हणूनही आलं होतं. मी नेहमीच्या खुर्चीवर बसले. जितेंद्र सर फार अवघडले.

"ताई, आता तुम्ही जरा बाहेर जा," ते म्हणाले, "आणि मग... संबंधित विद्यार्थिनी म्हणून आत या."

मी बाहेर गेले. दार लावलं. दार वाजवलं. "येऊ का?" म्हणाले. "या," मॅडम म्हणाल्या. या वेळी मला दुसरी खुर्ची दिली, बिनहातांची.

लेखी माफीचं बोलणं झालं. मग सरांनी माझ्याकडे न पाहता शेवटचं कलम वाचलं. "पालकांना घेऊन यावे."

मॅडमनी विचारलं, "रंभाताई, मिस्टर येऊ शकतील का?"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. धनेश आला असता, मान हलवून गेला असता. पण वाघीण अजून अंगात होती. मी म्हणाले, "नवरा माझा पालक नाही, मॅडम. मला कुणी त्याच्या ताब्यात दिलेलं नाही."

"बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग वडील आहेत ना?"

अशा रीतीने पन्नाशीला टेकलेली मी, माझ्याच कलमाखाली, गिरीजला वडिलांना सांगायला गेले की कॉलेजात बोलावलंय. माझे वडील काशीराम ऐंशीच्या पुढचे आहेत. ते वाडीत केळीची सुकलेली पानं काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळेतपन तुझ्यापायी दोनदा गेलेलो. हे तिसरं. शिक्षन संपतं कधी तुझं?"

धनेशने त्यांना स्कूटरवर बसवून आणलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, टोपी, आणि चेहऱ्यावर लग्नाला निघाल्यासारखा उत्साह. गेटवर कारंज्यापाशी ते थांबले आणि चांगलं आहे म्हणाले. मी तिथेच ओळखलं की आज काही खरं नाही.

उर्सुला मॅडमनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि झालेला प्रकार सांगितला. मॅडम आमच्या शेजारच्या भुईगावच्या. घरची बोली त्यांचीही वेगळीच, पण कॉलेजात त्या ती कधी काढत नाहीत. मला वाटत होतं, बाबा आता माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पावन्यासमोर घरातला संडास काढतात काय?"

"बाबा," मी म्हणाले, "नळाला पानी नाय तिथं."

"नाय तर मॅडमना येऊन सांगायचं. माइक कशाला लागतो?"

"सांगितलेलं. दोनदा अर्ज दिला पोरींनी."

"मग तिसऱ्यांदा द्यायचा."

माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. केबिनमध्ये आम्ही दोघं आमच्या बोलीत असे भांडलो की जितेंद्र सर दार उघडून आत डोकावले आणि तसेच मागे गेले. मी म्हणाले, मानसाला जे वाटतं ते बोलता आलं पायजे, आधी लिहून दाखवून कोन बोलतं. बाबा एकदम हसले आणि मॅडमकडे वळले.

"ही बोलतेय बघा. हिने घरात कुनाला कधी बोलू दिलं? हिच्या आयचं वाक्य हीच पुरं करायची. धनेशराव तर बोलायचे विसरले. नात पुन्याला गेली ती नोकरीसाठी गेली असं ही समजते."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या धनेशला खोकला आला.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "आर्यालाही नाही बोलू दिलं, रंभाताई," त्या म्हणाल्या. "तिने तो खोडलेला कागद मला आणून दाखवला. तक्रार केली नाही. फक्त विचारलं, स्थानिक म्हणजे कोण."

मी चहाचा कप तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. असं सहसा होत नाही, त्यामुळे बाबा माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागले.

मॅडम पुढे म्हणाल्या, "मी तुमच्यावर ढकलत नाही. नियमावर सही माझीच आहे. गेटवर पोलीस आले त्या दिवशी मी घाबरले होते. मला वाटलं, सगळं आधी वाचून घेतलं की भांडणं होणार नाहीत. भांडणं झाली नाहीत, हे खरं. पण नळाला पाणी नाही हे मला भर सभेत कळलं, कारण पोरींचे अर्ज ऑफिसातच अडकले."

मी माफी लिहून दिली. पाहुण्यांसमोर आवाज चढवल्याबद्दल आणि आंघोळीच्या वाक्याबद्दल. पाण्याबद्दल लिहिली नाही, आणि मॅडमनीही मागितली नाही. बाबांना पालक म्हणून सही करायला सांगितलं. त्यांनी माफी वाचून सही सावकाश, आनंदाने केली.

नळाचं काम आठवड्यात झालं. कारंज्याला जोडणी देताना दुसऱ्या मजल्याच्या पाइपाची चावी कुणीतरी बंद केली होती. ती उघडली. कारंजं आता फक्त कार्यक्रमाला लावतात, आणि चिटणीस भाषणात सांगतात की पाण्याची बचत ही कल्पना मी स्वतः मांडली.

समितीची पुन्हा बैठक झाली, तेव्हा मी आधी तपासण्याचा नियम काढून टाकावा म्हणाले. जितेंद्र सर म्हणाले, "उद्या कुणी काहीही बोलेल, ताई. मारामारी लावेल."

"मारामारी लावणाऱ्याला नियम ठेवा ना. धमकी नको, जातीवरून, धर्मावरून, बाईमाणसावरून शिवी नको. पण बोलायच्या आधी कशाला धरता?"

"मग कुणाच्या भावना दुखावल्या तर?"

"दुखावतील," मी मोठ्या थाटात म्हणाले. "त्याने उठून उत्तर द्यावं." हे बोलताना भावना माझ्या असू शकतात, हे डोक्यात आलं नव्हतं. बरीच चर्चा झाली. पूर्वमंजुरी गेली, प्रश्नांच्या चिठ्ठ्या गेल्या, भावनांचं कलमही गेलं. संस्थेने एका सत्रापुरतं बघू, असं कळवलं. पालकांचं कलम मी स्वतःच काढायला सांगितलं. सर लगेच हो म्हणाले.

मी आर्याला कँटीनमध्ये गाठलं. दोन वडापाव घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी चुकले. आता नियम गेलाय. तू तुझं भाषण कर. अगदी मोकळेपणाने."

ती म्हणाली, "काकू, तुम्ही मला परवानगी द्यायला आलात का?"

वडापाव तिने घेतला नाही. मीच दोन्ही खाल्ले.

पुढे एका शुक्रवारी कॉलेजच्या अंगणात मोकळा मंच भरला. कुणीही उठावं आणि बोलावं. पहिल्यांदा कुणी उठेना. मग आर्या उठली. तिने जुनं भाषण केलंच नाही. ती माझ्यावर बोलली. माझी चालण्याची ढब, पर्स काखेत दाबून हात हलवणं, दुसऱ्याचं वाक्य मध्येच उचलून आपलं करणं, सगळं हुबेहूब. "काकू आम्हाला बिल्डिंगवाले म्हणतात," ती म्हणाली. "काकू स्वतः चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट बंद पडली की त्या सोसायटीला फोन करून सांगतात, मी इथली स्थानिक आहे." हे मी एकदा खरंच म्हणाले होते आणि वर्गात कौतुकाने सांगितलंही होतं.

अंगण हसत होतं. आयुष डोळे पुसत होता. माझे कान तापले. मी मनातल्या मनात नियमावली चाळू लागले: वैयक्तिक टीका, भावना, ज्येष्ठांचा मान. ज्याखाली तिला थांबवता आलं असतं ते प्रत्येक कलम मीच काढायला लावलं होतं. हसणाऱ्यांत मॅडमही होत्या, पण तोंडावर रुमाल धरून.

शेवटी ती गंभीर झाली. तिने एवढंच विचारलं, की किती वर्षं राहिलं की माणूस इथला होतो, आणि ते कोण ठरवतं. मग खाली बसली.

जितेंद्र सरांनी मला विचारलं, "ताई, उत्तर द्यायचंय?"

एखाद्या शहाण्या बाईने नाही म्हटलं असतं. मी उठले. केळीच्या वाड्यांपासून सुरुवात केली, वसईच्या बाजाराकडे वळले, आई, पडवळ, वाडी विकली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत ते, असं सांगत मुद्द्याकडे येत होते, तेवढ्यात तासाची घंटा झाली. मुलं उठली, पाठपिशव्या उचलल्या आणि पांगली. मी माइकसमोर एकटी उरले. माइकवाल्याने विचारलं, "काकू, बंद करू?"

गेटबाहेर आर्या रिक्षाची वाट पाहत उभी होती. नालासोपाऱ्याच्या शेअर रिक्षात मी तिच्याशेजारी बसले. वाटेत चंदनसारला उतरायचं, असा बेत.

ती म्हणाली, "तुमच्या बाबांचं जेवणाचं खरं होतं?"

"खरं."

"मग ते आधी सांगायचं ना. पडवळात कशाला वेळ घालवलात?"

आणि मग ती बोलू लागली. तिच्या वडिलांनी गावचं घर सोडलं ते, इमारतीला पाणी नसायचं तेव्हा आई टँकरमागे धावायची ते, शाळेत तिला कुणी काय म्हणायचं ते. तिच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी मला साफ चुकीच्या वाटल्या. त्या सांगायला मी टपूनच होते. पण पोरगी श्वास घ्यायला थांबेना. ती थांबेल आणि मी बोलेन म्हणून मी वाट पाहत राहिले, आणि चंदनसार कधीच मागे गेलं.